मुशीला बेंबी असते

मी आयुष्यात पाहिलेली पहिली शार्क मेणाच्या ट्रेमध्ये उताणी पडलेली होती. नागपूरला बी.एस्सी.ला होतो आणि प्राणिशास्त्राचं प्रॅक्टिकल चालू होतं. वीतभर लांबीचा राखाडी मासा, टोकाला चपटं नाक आणि फॉर्मॅलिनचा असा भपका की डोळ्यांतून पाणी थांबेना. कल्ल्यांच्या रक्तवाहिन्या उघड्या करायच्या होत्या. माझ्या हातून निम्म्या तुटल्या आणि जर्नलवर लाल शेरा आला. पण दोन गोष्टी त्या दिवशी बोटांनी शिकल्या, त्या अजून तशाच आहेत. मुशीच्या कातडीवर डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर ती गुळगुळीत लागते. उलटा फिरवला तर सुताराच्या पॉलिश पेपरसारखी खरखरते, कारण तिचे खवले म्हणजे खरं तर बारीक बारीक दात असतात. दुसरी गोष्ट सरांनी दाखवली. छातीच्या दोन परांच्या मधोमध एक बारीकशी भेग होती, जेमतेम तिळाएवढी. "हे काय आहे?" सरांनी विचारलं. कोणी म्हणालं जखम, कोणी म्हणालं गळ लागल्याची खूण. सर म्हणाले, "बेंबी आहे ती. पोटातून नाळ तुटून आलेलं पिल्लू आहे हे. जन्माला येऊन फार दिवस झाले नसणार."

माशाला बेंबी! घरी सौसरला आल्यावर हे सांगितलं तेव्हा आजीने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग हातातल्या वाटीतलं सुकट निवडणं थांबवलं.

ती मुशी म्हणजे स्कॉलिओडॉन. या देशात ज्याने ज्याने प्राणिशास्त्र घेतलं, त्याची तिच्याशी गाठ पडलेली आहे, मग तो रत्नागिरीचा असो की पांढुर्ण्याचा. लखनौहून निघणाऱ्या 'इंडियन झूऑलॉजिकल मेमॉयर्स' या मालेत इव्हँजेलिन थिल्लयमपालम यांनी 1928 साली तिच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि त्यानंतर कित्येक पिढ्या तिच्याच मेंदूच्या नसा वहीत काढत राहिल्या. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये विच्छेदन कमी करायला सांगितलं आणि 2014 मध्ये ते पूर्णच थांबवलं. आता मुलं पडद्यावर बघतात. चांगलंच झालं. फक्त आमच्याकडच्या मुलाला समुद्राला हात लावायची जी एक वाट होती, तीही त्याबरोबर बंद झाली.

या पुस्तकाचा विषय शार्क आहे, आणि तिला वाचवायचं कसं, हा आहे. हे लिहितोय असं कळल्यावर ओळखीच्या माणसांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या सुरांत विचारला: सौसरच्या माणसाला शार्कचं काय पडलंय? प्रश्न रास्त आहे. आमचा मुलूख संत्र्याचा आणि कापसाचा. इथे पाणी म्हणजे विहीर, बोअर, कन्हान आणि जाम. पण शार्क आमच्या घरात नव्हती असं मात्र म्हणता येणार नाही. अशक्त पोराला शार्कोफेरॉल पाजायची पद्धत होती. त्या बाटलीच्या नावातली 'शार्क' म्हणजे खरोखरची शार्क, हे पाजणाऱ्या आईला ठाऊक नसायचं आणि नाक दाबून पिणाऱ्या पोराला तर नाहीच. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून येणारं कॉड माशाचं तेल थांबलं, तेव्हा अ जीवनसत्त्वासाठी आपल्याकडे शार्कच्या यकृताचं तेल काढायला सुरुवात झाली. शार्कला हाडं नसतात, हवेची पिशवीही नसते. पाण्यात तरंगायला तिला या तेलकट यकृताचाच आधार असतो. तिचा तो आधार काढून आमच्या पिढीच्या अंगात घातला गेला.

आणि नद्या. जाम कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा प्राणहिता होऊन गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. इकडे पांढुर्ण्याहून मुलताईला गेलात की तापीचा उगम. ती उलट्या दिशेने निघते आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. म्हणजे या पट्ट्यात पावसाचा एक थेंब इकडे पडला तर पूर्व समुद्रात जातो आणि थोडा तिकडे पडला तर पश्चिम समुद्रात. इथे बसून मी दोन्ही किनाऱ्यांबद्दल बोलायचा हक्क सांगतो, तो एवढ्याच जोरावर.

एक खुलासा आत्ताच करून टाकतो. मराठीत शार्कला मुंबई-रायगडाकडे मुशी म्हणतात, मालवण-गोव्याकडे मोरी. पाठ्यपुस्तकात 'शार्क मासा' असं पुल्लिंगी लिहितात. मी तिला पुस्तकभर स्त्रीलिंगीच ठेवलं आहे. मुशी ती, मोरी ती, मग शार्कच तेवढी तो का? शिवाय या पुस्तकाचा सगळा हिशेब आईवरच येऊन थांबतो.

हा हिशेब मला संत्र्याने शिकवला, म्हणून तो संत्र्याच्याच भाषेत मांडतो. आमच्याकडे कापूस बुडाला तर माणूस कर्जात जातो, रडतो, पण पुढच्या मृगाला पुन्हा सरकी टोबतो. संत्र्याचं तसं नसतं. कलम लावल्यापासून पाचव्या-सहाव्या वर्षी झाड धड फळाला येतं. उन्हाळ्यात विहीर आटली आणि बगिचा वाळला, तर ते वर्ष जातं आणि त्याच्याबरोबर मागची दहा वर्षं आणि पुढची सहा वर्षंही जातात. ज्याने वाळलेल्या बागेवर कुऱ्हाड चालवली आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता समुद्रात या. सुरमईची एक मादी लाखांनी अंडी पाण्यात सोडते. त्यातली बहुतेक मरतात, पण एखादं वर्ष बरं गेलं की समुद्र पुन्हा भरतो. मासेमारीचे सगळे हिशेब, सगळ्या बंदीचे महिने याच गृहीतावर उभे आहेत. सुरमई म्हणजे कापूस. मोठी शार्क म्हणजे संत्रा. हातोडीच्या आकाराच्या डोक्याची जी हॅमरहेड, तिची मादी वयात यायला पंधराएक वर्षं घेते. मग नऊ-दहा महिने पोट वागवते आणि दोन-तीन डझन पिल्लं देते. पांढऱ्या शार्कची मादी तिशीच्या आसपास पहिल्यांदा आई होते, असा अलीकडचा अंदाज आहे. स्पाइनी डॉगफिश नावाची लहानशी थंड पाण्यातली शार्क जवळजवळ दोन वर्षं गरोदर राहते. म्हैस दहा महिन्यांत मोकळी होते! ग्रीनलंडच्या समुद्रातल्या शार्कचं वय शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये मोजलं तर कमीत कमी 272 वर्षं निघालं. म्हणजे रघूजी भोसले नागपुरात बस्तान बसवत होते त्या सुमाराला जन्मलेला जीव आत्ता आत्तापर्यंत पोहत होता. तिला वयात यायलाच दीडशे वर्षं लागत असावीत.

सगळ्याच शार्क अशा संथ नसतात, हेही सांगायला हवं, नाहीतर मुंबईचा कोळी मला हसेल. आमच्या प्रयोगशाळेतली स्कॉलिओडॉन फार लवकर वयात येते आणि दरवर्षी विते. महाराष्ट्राच्या बंदरांवर येणाऱ्या मुश्यांत भरणा तिचाच असतो. तिच्या अंड्यात बलक जवळपास नसतोच, अंडं जेमतेम मिलिमीटरभर. म्हणून पिल्लाला सगळं अन्न नाळेतून आईकडून घ्यावं लागतं. ती टिकली याचं कारण आपण तिला जपलं हे नाही. तिचा पाळणा लवकर हलतो, एवढंच. टोपलीत तिला पाहून "मुश्या तर चिकार आहेत की" असं म्हणणं म्हणजे बांधावरची बोरं पाहून संत्र्याचं पीक चांगलं आलं म्हणण्यासारखं आहे.

ससून डॉकवर मी पहाटे पाच वाजता गेलो होतो. 1875 सालचा तो धक्का. बोटीच्या पोटातून बर्फासकट टोपल्या वर येत होत्या, एकजण वरून झेलत होता, दुसरा धावत होता, आणि खाली ओल्या फरशीवर कोळणी भाव बोलत होत्या. मुशीचा ढीग एका कडेला होता. कोणी त्याच्याकडे खास बघत नव्हतं. पापलेटभोवती गर्दी, कोळंबीभोवती गर्दी आणि मुशी आपली पडलेली, उरलेल्या कामासारखी. मी वाकून एक उलटी केली आणि परांच्या मधे पाहिलं. भेग होती. दुसरी पाहिली. तिलाही होती. तिसरीची भरत आलेली. तेवढ्यात एक मावशी कडाडल्या, "ओ दादा, घ्यायची असंल तर घ्या, पोटं काय चाचपताय?" मी विचारलं, ही मुशी मुद्दाम धरतात का? त्यांनी हात उडवला. "मुद्दाम कोण धरतंय? जाल्यात येते, आनतात."

या विषयाची अर्धी अडचण त्या एका वाक्यात आहे. आपल्या किनाऱ्यावर फक्त शार्कसाठी समुद्रात जाणारे लोक थोडे. कन्याकुमारीकडच्या तूतूरचे दर्यावर्दी लांब दोरीला शेकडो गळ बांधून खोल समुद्रात जातात, त्यांची गोष्ट पुढे एका प्रकरणात येईल. महाराष्ट्रात मुशी येते ती दुसऱ्याच्या जाळ्यात. ट्रॉलर तळ खरवडत जातो कोळंबीसाठी आणि बरोबर मुश्या येतात. सातपाटी-वर्सोव्याकडे डोल नावाची जाळी लागते बोंबलासाठी, तिच्यातही लहान मुश्या अडकतात. मालवण-गोव्याकडे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात नुकत्याच जन्मलेल्या मोऱ्या जाळ्यात येतात, कारण आया तिथेच येऊन मोकळ्या होतात. उथळ पाण्यात मोठे शिकारी कमी आणि खायला भरपूर. त्या बिचाऱ्यांनी जागा बरोबर निवडलेली असते. जाळीही नेमकी तिथेच लागतात.

सरकारने यावर काय केलं, ती हकिगत मोठी बोधक आहे. 2001 च्या मे महिन्यात व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं, म्हणजे वाघाच्या पंक्तीत बसवलं. जुलैत एक पाऊल पुढे जाऊन सगळ्याच शार्क आणि पाकट-वागळ्या त्या यादीत टाकल्या. एका रात्रीत किनाऱ्यावरचा प्रत्येक मच्छीमार कायद्याच्या लेखी वाघ मारणारा झाला. आरडाओरडा झाला, होणारच होता. डिसेंबरात यादी आखडून दहा जातींवर आली. त्यात व्हेल शार्क राहिली, करवत मासे राहिले, गंगेतली शार्क आणि पाँडिचेरीची शार्क राहिली. आधी सगळं, मग जवळजवळ काहीच नाही. मधलं शहाणपण यायला आणखी वीस वर्षं लागली. 2013 मध्ये नियम आला की शार्कचे पर अंगाला जोडलेलेच असले पाहिजेत, म्हणजे पर कापून धड समुद्रात फेकता येऊ नये. 2015 च्या फेब्रुवारीत परांची निर्यात बंद झाली. 2022 साली कायदा दुरुस्त झाला, तो 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे आणि त्यात संरक्षित जातींची यादी बरीच लांबली. पण पहाटे चार वाजता, बॅटरीच्या उजेडात, मेलेल्या माशांच्या ढिगात, यादीतली कोणती आणि यादीबाहेरची कोणती हे खलाशाने ओळखावं, अशी अपेक्षा करणाऱ्याने एकदा बोटीवर जाऊन यावं.

मासा वाचवायचा की मच्छीमार, हे भांडण आम्हाला ऐकीव नाही. पेंचच्या तोतलाडोह जलाशयात आमच्या छिंदवाडा-सिवनीकडच्या विस्थापित गावकऱ्यांना मासेमारीचे 305 परवाने दिले गेले, तेव्हा ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. राष्ट्रीय उद्यानात मासेमारी कशी, हा एक पक्ष. धरणाने ज्यांची नदी घेतली त्यांनी खायचं काय, हा दुसरा. न्यायालयाने 1997 मध्ये मधला रस्ता काढला: परवाने राहू द्या, पण फोटोची ओळखपत्रं द्या, ठरलेल्या वाटेनेच जा, जंगलात जाळ करू नका. मला तो निकाल आवडतो असं नाही, पण तो दोन्ही बाजूंना माणूस समजतो. शार्कच्या बाबतीत तेवढंसुद्धा व्हायला फार उशीर झाला.

जिथे झालं, तिथलं मात्र सांगितलंच पाहिजे. नव्वदीच्या दशकात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या बाजूला, व्हेल शार्कची कत्तल चालायची. जगातला हा सगळ्यांत मोठा मासा. तोंड एवढं मोठं की आत माणूस बसेल, पण खातो ते पाण्यातले बारीक जीव गाळून. त्याला गळ टोचायचे, गळाला प्लास्टिकचे बॅरल बांधायचे आणि तो बॅरल ओढून ओढून दमला की मारायचा. म्हणून मच्छीमार त्या माशालाच 'बॅरल' म्हणू लागले. यकृताचं तेल बोटींच्या लाकडाला जायचं, मांस परदेशात. माइक पांडे यांनी 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट केला आणि ते जगाने पाहिलं. त्यानंतर कायदा आला. पण कायद्याने जे झालं नसतं, ते 2004 नंतरच्या मोहिमेने झालं. भारतीय वन्यजीव न्यासाने, टाटा केमिकल्सने आणि गुजरातच्या वनखात्याने रामकथा सांगणाऱ्या मोरारी बापूंना गाठलं. बापूंनी कथेत सांगितलं, ही तुमची लेक आहे, बाळंतपणाला माहेरी येते, माहेरच्यांनी लेकीला मारायचं का? 'बॅरल'ची 'व्हाली' झाली, म्हणजे लाडकी. त्याच मच्छीमारांनी तेव्हापासून शेकडो व्हाल्या स्वतःच्या हाताने जाळी कापून सोडल्या.

माहेरपणाचा हा दाखला वाचताना मी थोडा वेळ थांबलो होतो. शास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला माहीत आहे की किनाऱ्याजवळ दिसणाऱ्या व्हेल शार्कमधल्या कितीतरी अजून वयात न आलेल्या असतात, आणि त्यांत नरही पुष्कळ असतात. बाळंतपण वगैरे सगळीकडे लागू नाही. पण मी बापूंना चूक काढायला जाणार नाही. ज्या माणसाचं लाखाचं जाळं माशाने गुंडाळलंय, त्याच्या हातात सुरी देऊन 'जाळं काप' असं सांगायचं असेल, तर टक्केवारी चालत नाही. लेक चालते. आणि जाळ्याची भरपाई चालते. गुजरातने ती दिली. महाराष्ट्रातही कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी 2018 च्या डिसेंबरात तशीच योजना आणली. संरक्षित जीव जाळ्यात आला, जाळं कापून त्याला सोडलं, त्याचा फोटो किंवा व्हिडिओ दाखवला, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. मी असे काही व्हिडिओ पाहिले आहेत. बोट हेलकावत असते, मोबाइल धरणाऱ्याचा हात हेलकावत असतो, मागून कोणीतरी "अरे शेपटाकडून काप, शेपटाकडून" असं ओरडत असतं. ठिपक्याठिपक्यांची एक पाठ, आमच्या बैलगाडीहून लांब, एकदम मोकळी होते. क्षणभर तिला कळत नाही. मग ती खाली जाते. बोटीवर टाळ्या नाहीत, काही नाही. तांडेल फाटलेलं जाळं ओढायला सांगतो.

आता स्पर्धा.

पोटासाठी धरणं आणि नाइलाजाने धरलं जाणं, या दोन्हींबद्दल माझ्या मनात राग नाही. तिसरा एक प्रकार आहे, तो समजून घ्यायला मला वेळ लागला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात शार्क धरायच्या स्पर्धा भरतात. श्रीमंत लोक बोटी घेऊन जातात, संध्याकाळी धक्क्यावर परततात, सर्वांत वजनदार शार्क शेपटीने उलटी टांगली जाते, काटा वाचला जातो, बक्षीस दिलं जातं. न्यूयॉर्कजवळच्या माँटॉक बंदरात फ्रँक मंडस नावाचा एक कप्तान होता. 'राक्षस धरायला चला' अशा थाटात तो गिऱ्हाइकं नेई. पीटर बेंचलीच्या 1974 च्या 'जॉज' कादंबरीतल्या शार्कमाऱ्या क्विंटमध्ये लोक त्यालाच पाहतात. पुढच्या वर्षी स्पिलबर्गचा सिनेमा आला आणि शार्क मारणं हे शौर्य ठरलं. मार्थाज व्हिनयार्ड बेटावर, जिथे तो सिनेमा चित्रित झाला तिथेच, पुढे 'मॉन्स्टर शार्क' नावाचीच स्पर्धा कित्येक वर्षं भरत होती. दक्षिण ऑस्ट्रेलियात अल्फ्रेड डीन यांनी 1959 साली गळाने 1,208 किलोची पांढरी शार्क काढली. तो विक्रम मोडायचं स्वप्न बघत किती शार्क टांगल्या गेल्या असतील, त्याची मोजदाद कोण करणार?

बेंचली स्वतः पुढे पस्तावले. उरलेलं आयुष्य त्यांनी शार्क वाचवण्यासाठी लिहिण्या-बोलण्यात घातलं. हे मला त्यांच्या कादंबरीपेक्षा मोठं वाटतं.

स्पर्धांची बाजू घेणाऱ्यांचा एक मुद्दा खरा आहे. अमेरिकी शास्त्रज्ञांनी शार्कचं वय, पोटातलं अन्न, गर्भाशय यांचा पुष्कळ अभ्यास याच धक्क्यांवर केला, कारण इतक्या मोठ्या शार्क दुसरीकडे हाताशी लागत नव्हत्या. आज पुष्कळ स्पर्धांत पकडून सोडतात, खुणेचा बिल्ला लावतात. तरी दोन अडचणी उरतात. एक म्हणजे हॅमरहेडसारखी शार्क गळाशी झुंजताना इतकी शिणते की सोडल्यावरही अनेकदा मरते. पाहणाऱ्याला ती पोहत गेलेली दिसते, तेवढंच. दुसरी अडचण मला जास्त टोचते. बक्षीस वजनाला असतं आणि शार्कमध्ये बहुधा मादी नराहून मोठी असते. सर्वांत वजनदार म्हणजे वयाने मोठी, आणि पुष्कळदा गाभण. म्हणजे स्पर्धा नेमकी फळावर आलेली झाडं हुडकून काढते आणि रोपटी सोडून देते. आमच्याकडच्या एखाद्या बगिचावाल्याने असं केलं तर घरचे त्याला वैद्याकडे नेतील.

पण बोट दाखवताना स्वतःकडे किती बोटं वळतात, ते मला आज मोजायची गरज नाही. हे लिहितोय तो पोळ्याचा दुसरा दिवस, कर. पांढुर्ण्यात आज गोटमार आहे. जामच्या पात्रात पळसाचं झाड झेंडा म्हणून रोवलेलं आहे, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधून गोटे. चंडीमातेचं नाव घेतलं जातं, पळून गेलेल्या एका जोडप्याची गोष्ट सांगितली जाते. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी गोटेच उचलले. दरवर्षी डोकी फुटतात, काही वर्षी जीव गेले आहेत. आमच्या घरातल्या एका माणसाच्या कपाळावर त्या दिवसाची खूण आहे. तो ती हात लावून दाखवतो, लाज वाटून नाही. तेव्हा मर्दुमकीची नशा काय असते, हे मला माँटॉकहून मागवावं लागत नाही. एवढंच म्हणेन की गोटमारीत दोन काठ असतात. जो मारतो त्यालाही लागू शकतं आणि तो आपल्या पायांनी तिथे आलेला असतो. शार्कच्या स्पर्धेला एकच काठ असतो.

आपल्याकडे समुद्रात अशा शार्कच्या स्पर्धांचं फार प्रस्थ नाही. गळ टाकण्याचा छंद आहे तो गोड्या पाण्यात. पवईच्या तलावावर 1955 पासून गळवाल्यांची संघटना आहे. महाशीर धरून सोडण्याची रीत देशात अनेक ठिकाणी रुजली आहे आणि आमच्या मध्य प्रदेशाचा राज्यमासाही महाशीरच. तिथल्या चांगल्या सवयी समुद्राकडे जाव्यात, वाईट सवयी परदेशातून येऊ नयेत, म्हणून हे प्रकरण पुस्तकात आधीच घालून ठेवलं आहे.

भीतीबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण स्पर्धांना बळ भीती देते. 2024 च्या फेब्रुवारीत पालघरजवळ मनोरला, वैतरणेच्या पाण्यात मासे धरणाऱ्या एका तरुणाचा पाय बुल शार्कने फाडला. ही जात नदीत वर चढते, गोड्या पाण्यात राहू शकते. पुढे ती शार्क मेलेली सापडली, पोटात पिल्लं होती. त्या तरुणाचं दुःख लहान नाही. पण जगभरात न डिवचलेल्या शार्कमुळे वर्षाला सरासरी पाच-सहा माणसं मरतात. आपल्या एका देशात सर्पदंशाने वर्षाला 58,000 च्या आसपास माणसं मरतात, असा 2020 सालचा अंदाज आहे. तरी आम्ही नागपंचमीला नागाला हळदकुंकू वाहतो. शार्कला वर्षात एक दिवससुद्धा नाही.

उलट बाजूचा आकडा पाहा. 2012 मध्ये मासेमारीत साधारण 7.6 कोटी शार्क मेल्या आणि 2019 मध्ये 8 कोटींवर. याच वर्षांत जगभर पर कापण्याविरुद्धचे कायदे कितीतरी पटींनी वाढले होते. पर कापून धड फेकणं थांबलं, तर लोक धडही घरी आणू लागले आणि त्याचा बाजार तयार झाला. खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या 1970 पासून 71 टक्क्यांनी घटली आहे. एकूण जातींपैकी एक तृतीयांशाहून जास्त जाती धोक्यात आहेत.

मांसाचा बाजार आपल्याकडेही वेगळ्या वाटेने वाढतो आहे. मालवणीत मोरीचं मटण हे काही नवं नाही, गोव्याचं आंबट-तिक मोरीशिवाय अपुरं मानतात. हे कोळ्याच्या, रापणकराच्या घरातलं जेवण. महाग मासळी विकायची आणि मोरी घरी शिजवायची. त्याला मी नाव ठेवणार नाही. कोकणात बाळंतिणीला मोरी देतात, दूध येतं म्हणून. तमिळनाडूत तर लहान शार्कचं नावच 'पाल सुरा', म्हणजे दुधाची शार्क. एका बाळंतिणीसाठी दुसरीचं पिल्लू, हा हिशेब मला अस्वस्थ करतो, पण त्या घरात जाऊन मी तो मांडणार नाही. मला राग येतो तो पर्यटकांच्या हॉटेलातल्या मेनूकार्डाचा. तिथे 'बेबी शार्क' असं लिहिलेलं असतं. ती मागवणारा आमच्या नागपुराकडचाच असतो, सुट्टीवर गेलेला, फोटोपुरती ती चाखणारा. त्याने बशी उलटी करून बेंबी पाहिली तर? पाहणार नाही, कारण तोपर्यंत ती मसाल्यात बुडालेली असते.

पुस्तकाची रचना थोडी अस्ताव्यस्त आहे, ती तशीच ठेवली. पहिल्या भागात शार्कचं शरीर आहे, दुसऱ्यात बंदरं, तिसऱ्यात कायदा, चौथ्यात स्पर्धा. ज्यांना कायद्याचा कंटाळा आहे त्यांनी तिसरा भाग सोडून द्यावा, मी रागावणार नाही. माशांची नावं जिथल्या माणसाने सांगितली तिथलीच लिहिली आहेत. त्यामुळे एकाच माशाला दोन ठिकाणी दोन नावं दिसतील. शार्कचं चित्र काढायचं तर जबडा काढायचा, हा रिवाज मोडून मुखपृष्ठावर मी उताणी मुशी घेतली आहे. छातीच्या परांच्या मधे चित्रकाराने ती भेग काढली आहे. पहिल्या वेळी ती छापताना धूळ समजून पुसली गेली, म्हणून मुखपृष्ठ दोनदा छापावं लागलं. छापखान्याचं नाव सांगत नाही.

आजी आता नाही. बाजारात तिचं सुकट घ्यायचं दुकान मात्र अजून आहे, तिथे आता विकणाऱ्या बाईंची सून बसते. मागच्या महिन्यात मी तिला विचारलं, तुमच्याकडे वाळलेली मुशी येते का? ती म्हणाली, "आधी यायची भाऊ, मोठे मोठे तुकडे यायचे. आता येत नाय. बोंबील घ्या."

सौसर
पोळ्याची कर